दोन केसांवरून ठरलेलं नाव

उरुळी कांचनच्या एका नर्सरीवाल्यांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, गाडी अडकलीय. बेंजामिनाच्या रोपांत परदेशी कीड आहे म्हणून गिऱ्हाईक माल घ्यायला तयार नाही." बेंजामिना म्हणजे फायकस बेंजामिना, वड-पिंपळाच्या जातकुळीतलं शोभेचं झाड. तासाभरात ते पिशवीभर पानं घेऊन प्रयोगशाळेत हजर. सोबत गिऱ्हाइकाच्या सल्लागाराची चिठ्ठी: 'जायनाइकोथ्रिप्स फायकोरम.' हे एका फुलकिड्याचं शास्त्रीय नाव.

पान मधल्या शिरेवर दुमडून करंजीसारखं मिटलेलं, वर तांबडे-जांभळे ठिपके. उघडलं तर आत अख्खं बिऱ्हाड: काळे प्रौढ फुलकिडे, पिवळट पिल्लं, पांढऱ्या अंड्यांचे पुंजके. शिवाय या फुलकिड्यांना खाणारा एक छोटा काळा ढेकूणही होता. तो दिसला की मला बरं वाटतं.

कीड कुठली हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ओळखीची खूण मानेमागच्या पाठीच्या पट्टीवर असते. पट्टीच्या मागच्या कोपऱ्यांतले दोन केस लांब असतील तर जायनाइकोथ्रिप्स उझेली, म्हणजे फायकोरमची अगदी जवळची जात. शेजारच्या बारीक केसांइतकेच आखूड असतील तर फायकोरम. काळ्या किड्याचा रंग उतरेपर्यंत तो कॉस्टिक सोड्यात ठेवायचा, अल्कोहोलातून काढायचा आणि लवंगेच्या तेलात पारदर्शक करायचा. बाल्सम नावाच्या डिंकासारख्या राळेतली कायमची स्लाइड सुकायला वेळ लागतो, म्हणून आधी तात्पुरती केली. सूक्ष्मदर्शकाखाली केस चांगले लांबलचक दिसले. दुसऱ्या किड्यातही तेच, तिसऱ्यातही तेच. म्हणजे उझेली.

उझेली हे नाव १९०० सालचं. झिमरमन यांनी जावा बेटावरच्या नमुन्यांवरून ते दिलं, आणि १८९५ मध्ये फुलकिड्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या उझेल यांचा त्यात मान राखला. फायकोरमची गंमत वेगळीच. मार्शाल यांनी १९०८ मध्ये तिचं वर्णन केलं ते अल्जीरियातल्या नमुन्यांवरून, पण कीड मूळची आग्नेय आशियाची. तिचं आवडतं झाड, फायकस मायक्रोकार्पा, लोकांनी सावलीसाठी जगभर नेऊन लावलं आणि दुमडल्या पानांत बसून कीडही पाठोपाठ गेली. उझेलीनंही बेंजामिनाच्या कुंड्यांतून तसाच प्रवास केला. २००३ मध्ये ती फ्लोरिडात सापडली. फायकसवर मिटलेलं पान दिसलं की 'फायकोरम' लिहून मोकळं व्हायची सवय पूर्वी सगळीकडे होती. म्हणून बेंजामिनावरच्या फायकोरमच्या जुन्या नोंदी मी स्लाइड पाहिल्याशिवाय या किडीच्या प्रसाराच्या नकाशावर घेत नाही.

"मग त्यांचं साफ चुकलं ना?" नर्सरीवाल्यांचा चेहरा खुलला.

मी विचारलं, "दादा, गाडीत फक्त बेंजामिनाच आहे का?"

"थोडी नितिडा पण आहे. एकाच ऑर्डरची."

नितिडा म्हणजे मायक्रोकार्पाच, नर्सरीतलं नाव तेवढं निराळं. पोरगा मोटारसायकलवरून तिचीही पानं घेऊन आला. त्यातल्या किड्यांचे केस आखूड निघाले. सल्लागाराचं नाव बरोबर होतं, झाड तेवढं चुकीचं. एकाच गाडीत दोन्ही जाती शेजारी शेजारी! अशा वेळी मला फार आनंद होतो, पण समोरच्या माणसाची गाडी अडकलेली असताना तो दाखवता येत नाही.

"दोन्ही आपल्याकडे आधीपासून आहेत, नवीन कुठलीच नाही," मी म्हटलं. "पण मिटलेल्या पानांची रोपं मी स्वच्छ आहेत असं लिहून देणार नाही."

उपाय दोन्हींना एकच. मिटलेल्या पानांचे शेंडे छाटून पिशवीत बांधून नष्ट करायचे. बंद पानात वरवरची फवारणी पोचत नाही, म्हणून गरज पडली तर आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं औषध. नवी कोवळी पालवी मात्र नेमानं बघायची, कारण कीड कोवळंच पान दुमडते.

अहवालात दोन ओळी लिहिल्या: बेंजामिनावर उझेली, मायक्रोकार्पावर फायकोरम. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "छाटल्यावर रोपं बुटकी दिसतील, भाव कमी करायला सांगतील का?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गाडी परत बोलावून त्यांनी त्याच संध्याकाळी छाटणीला माणसं लावली.