हायड्रॉलिक डाउनरिगर: आधी दाब तपासा

अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात चिनूक सामन या माशासाठी ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढताना, आमिष हव्या त्या खोलीवर ठेवायला डाउनरिगर लागतो. वायरच्या टोकाला १० ते १५ पाउंडांचा शिशाचा गोळा, वायरला क्लिप, क्लिपमध्ये गळाची दोरी. मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते.

हायड्रॉलिक प्रकारात इंजिनवरचा पंप तेलाच्या दाबाने वायर गुंडाळणाऱ्या ड्रमची मोटर फिरवतो. ताकद भरपूर असते, धोकाही त्यातच आहे. वर ओढताना गोळा खडकात अडकला तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) उघडायलाच हवा. त्याचा दाब जास्त ठेवला असेल तर वायर तुटते, नाहीतर बूम (वायर बोटीबाहेर धरणारा दांडा) वाकतो. म्हणून गोळा उचलायला लागतो त्यापेक्षा किंचितच जास्त दाब ठेवा. चालत्या बोटीत गोळा अडकला, तर ड्रमचा क्लच सरकून वायर सुटली पाहिजे. हे धक्क्यावरच वायर हाताने ओढून बघा.

इंजिन मंद वेगात असताना पंपही हळू फिरतो, त्यामुळे गोळा सावकाश वर येतो. तो बिघाड नव्हे. मोटर धक्के देत फिरत असेल आणि टाकीत तेल फेसाळलं असेल, तर आधी तेलाची पातळी आणि सक्शन नळीचे (टाकीतून पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीचे) क्लॅम्प बघा, बहुधा तिथूनच हवा शिरते. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय, ते बदलाच.