ओटीडीआर म्हणतो 4,312 मीटर, मग खड्डा कुठे घ्यायचा?

शहरात फायबर केबल कट झाली की पीओपीवरून (केबल जिथून निघते त्या केंद्रावरून) ओटीडीआर लावतात. हे मशीन फायबरमध्ये प्रकाश सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तुटीचं अंतर सांगतं. ते जीआयएसमधल्या, म्हणजे संगणकावरच्या नकाशातल्या, केबलच्या रेघेवर मोजून टीम पाठवली, तर बहुतेक वेळा ती चुकीच्या चौकात उभी राहते. मशीन बरोबर असतं, नकाशाही बरोबर असतो. दोघं वेगवेगळ्या लांब्या मोजत असतात, एवढंच.

ओटीडीआर काचेची, म्हणजे केबलच्या आतल्या फायबरची, लांबी मोजतो. लूज ट्यूब केबलमध्ये (जिच्यात फायबर बारीक नळ्यांमध्ये सैल असते) फायबर पिळात असते, त्यामुळे ती केबलपेक्षा साधारण शेकडा एकदोनने लांब भरते (नेमका आकडा केबलच्या डेटाशीटमध्ये बघावा). शिवाय प्रत्येक चेंबरमध्ये (केबल हाताळायला जमिनीखाली बांधलेल्या कप्प्यात) जादा केबलचा गुंडाळून ठेवलेला लूप असतो. नकाशावर तो ठिपक्याएवढाही दिसत नाही.

हिशेब असा. लाँच केबल (मशीन आणि लाइन यांच्यामध्ये जोडलेली चाचणीची केबल) वजा करून तूट 4,312 मीटरवर आहे आणि फायबर 1 टक्का जास्त आहे असं धरू. 4,312 भागिले 1.01 म्हणजे केबल साधारण 4,269 मीटर. वाटेत 14 चेंबर, प्रत्येकात 12 मीटर लूप, म्हणजे 168 मीटर. जमिनीवर उरले 4,101. नकाशावर सरळ 4,312 मोजणारा 211 मीटर पुढे खणतो, आणि पालिकेच्या रस्त्यावर असा एक फुकटचा खड्डा पुन्हा परवानगी आणि पुन्हा डांबर मागतो.

म्हणून लूपचा अंदाज बांधत बसू नये. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. प्रत्येक चेंबरमध्ये केबल आत शिरते तिथला आणि बाहेर पडते तिथला आकडा टिपायचा. आत 1846, बाहेर 1858, की लूप 12 मीटर. फोटोही काढावा, चिखलात 3 आणि 8 सारखेच दिसतात. पोस्टजीआयएसमध्ये (नकाशाच्या डेटाबेसमध्ये) यासाठी वेगळं टेबल पुरतं: केबल, चेंबर, आत, बाहेर, तारीख. मग तूट कुठल्या दोन चेंबरच्या मध्ये आहे हे एका क्वेरीत कळतं. अंतरही पीओपीपासून मोजण्यापेक्षा तुटीच्या अलीकडच्या, ट्रेसवर (मशीनच्या आलेखावर) दिसणाऱ्या जॉइंटपासून मोजलं तर चूक फार कमी होते. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (काचेतला प्रकाशाचा वेग सांगणारा, मशीनमध्ये भरायचा आकडा) 0.001 ने चुकला तर 10 किलोमीटरवर जवळपास 7 मीटरचा फरक पडतो, 200 मीटरवर साधारण 14 सेंटिमीटरचाच.

रेघ काढतानाच्या चुका निराळ्या. मोबाइलचा जीपीएस उंच इमारतींमध्ये सहज रस्त्याच्या पलीकडे उडी मारतो. त्यामुळे चेंबरची जागा निर्देशांकांबरोबर कर्बपासून किंवा दिव्याच्या खांबापासून टेपने मोजून लिहिलेली हवी. लांबी मोजायला मुंबई-पुण्यासाठी यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी नकाशापद्धत) झोन 43, म्हणजे ईपीएसजी कोड 32643 घ्या. नागपूर मात्र झोन 44 मध्ये पडतं. अक्षांश-रेखांशाच्या भूमितीवर थेट लांबी काढली तर उत्तर अंशांत येतं.

खोदाई, डक्ट (केबल ओढायची नळी), केबल आणि फायबर यांचे थर वेगळेच ठेवा. एका डक्टमधून उद्या दुसरी केबल ओढली जाते, तेव्हा एकच रेघ काढणाऱ्यांची पंचाईत होते. जॉइंटमधली जोडणी रेघांनी दाखवण्याचा मोह टाळा. ती टेबलातच शोभते: येणारी ट्यूब व फायबर, जाणारी ट्यूब व फायबर, डीबीमधला (डेसिबल) लॉस, म्हणजे प्रकाशाची घट. नंबरासोबत रंगही लिहा, कारण क्लोजर (जॉइंटची पेटी) उघडून बसलेल्या माणसाला निळ्या ट्यूबमधली करडी फायबर दिसते, पाचवी नव्हे.

22 मार्च 2023 ला केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप सुरू झालं. खोदणाऱ्याने आधी कळवलं की त्या भागात ज्यांच्या केबल, पाइप आहेत त्यांना सूचना जाते. पण तुमची रेघच चार मीटर सरकलेली असेल, तर जेसीबीवाल्याला तुम्ही दाखवलेली जागा चुकीचीच.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दुरुस्तीनंतर. रात्री 30 मीटरचा तुकडा घालून दोन जॉइंट मारले जातात, लाइन सुरू होते, नकाशा तसाच राहतो. इथे जुनी रेघ ताणू नका. केबलचे तीन भाग करा: जुना, नवा, जुना. नव्या तुकड्यावरचे आकडे वेगळ्याच क्रमाचे असतात. ते जुन्या मालिकेत मिसळले तर पुढच्या सगळ्या चेंबरचा हिशेब बिघडतो. दोन्ही क्लोजरची जागा आणि त्यांत ठेवलेला लूप त्याच रात्री, झाकण लावण्याआधी टिपून घ्यावा. खड्डा बुजला की तो आकडा वाचायला पुन्हा खणावं लागतं.