टीव्हीच्या चहाड्या आणि कपाटावरचा पाय

३ जून

मूळ बेत साधा होता. घरातून बाहेर जाणारी माहिती आटोक्यात ठेवायची म्हणून डाउनलोडसाठी व्हीपीएन (रहदारी कुलूपबंद बोगद्यातून नेणारी सेवा) घ्यायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं. एप्रिलमध्ये कुणी विचारलं असतं तर घरातली सगळ्यात वाह्यात गोष्ट म्हणून मी टॉरेंट क्लायंटकडे (फाइली एकमेकांकडून तुकड्यातुकड्यांनी उतरवणाऱ्या प्रोग्रामकडे) बोट दाखवलं असतं. आज लॉग (कुठल्या यंत्राने बाहेर काय विचारलं त्याची नोंदवही) समोर ठेवून सांगते, तो बिचारा त्यातल्या त्यात सज्जन निघाला. खरा चहाडखोर दिवाणखान्यातल्या भिंतीवर टांगलेला होता आणि दर दसऱ्याला आम्हीच त्याला झेंडूचा हार घालत होतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी सांगते. नाशिकला फ्लॅट, स्थानिक केबलवाल्याचं फायबर. घरात आम्ही दोघं, सासू-सासरे आणि आठवीतली लेक. कपाटावर रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर पाय-होल हा जाहिराती आणि चहाड्या अडवणारा प्रोग्राम. पुस्तकांच्या मागे नवऱ्याच्या ऑफिसातून भंगाराच्या भावात मिळालेला मिनी पीसी, त्यावर जेलीफिन (साठवलेले व्हिडिओ टीव्हीवर आणि फोनवर दाखवणारा प्रोग्राम) आणि क्यूबिटटोरेंट (तोच टॉरेंट क्लायंट). सगळं पायवरच का नाही? तर पाय ५ आणला तरी त्यात व्हिडिओ एन्कोड करणारं, म्हणजे दुसऱ्या रूपात बदलणारं, हार्डवेअर नाही. फोनला न झेपणारी फाइल आली की सगळा भार प्रोसेसरवर पडतो. मिनी पीसीतल्या इंटेल चिपमध्ये क्विक सिंक आहे, ती हेच काम झोपेत करते. पायने फक्त डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगायचं काम, सांभाळायचं. सासूबाई 'तुझा पाय आज फार तापलाय गं' म्हणतात, तेव्हा आलेले पाहुणे माझ्या पायांकडे बघतात.

पहिला आठवडा हा पाय मधूनच मान टाकायचा. मी मेमरी कार्डवर संशय घेतला, दोनदा सगळं नव्याने बसवलं. शेवटी कारण निघालं मोबाइलचा जुना चार्जर. पाय ४ला ५ व्होल्टला ३ अँपिअर लागतात. वीज कमी पडली की स्क्रीनवर विजेचं पिवळं चिन्ह येतं, पण आमच्या पायला स्क्रीनच जोडलेला नव्हता. ते चिन्ह दिसणार कुणाला!

९ जून

पाय-होलचं काम तुम्हाला माहीत आहे. घरातलं कुठलंही यंत्र एखाद्या नावाचा पत्ता विचारायला आलं आणि ते नाव काळ्या यादीत असलं की ०.०.०.० असं उत्तर देऊन वाटेला लावायचं. अडचण होती ती सगळ्या यंत्रांना पायकडे पाठवण्याची. केबलवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये डीएनएसचा रकाना दिसतो, पण राखाडी. बोट लावता येत नाही. डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणं आणि डीएनएस कुणाला विचारायचं ते सांगणं, मात्र बंद करता येत होतं. ते बंद केलं आणि पत्ते वाटायचं काम पाय-होलकडेच दिलं. तेवढ्यासाठी नवा राउटर घ्यायची गरज नाही. (घेतलाच शेवटी, पण तो पुढच्या कारणासाठी.)

रात्री अकराला टीव्ही बंद करून झोपलो. सकाळी चहा घेत लॉग उघडला तर अडीच ते पाचच्या दरम्यानही टीव्हीच्या क्वेरींची (नावांच्या चौकशांची) रांग. दर काही मिनिटांनी तीच चार-पाच नावं. एक जाहिरातींचं, एक 'लॉग'ने सुरू होणारं, आणि एकात चक्क 'एसीआर' ही तीन अक्षरं.

एसीआर म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते ओळखण्याचं तंत्र. टीव्ही चित्राचे किंवा आवाजाचे ठसे घेतो, उत्पादकाच्या सर्व्हरकडे पाठवतो, तिथे ते साठ्याशी जुळवून कार्यक्रम ओळखला जातो. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने २०१७ साली याच प्रकरणात २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. १ कोटी १० लाख टीव्हींवरून प्रेक्षकांना न विचारता सेकंदासेकंदाची माहिती गोळा केल्याचा आरोप होता. २०२४ साली लंडन, माद्रिद आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही तपासले. त्यातली एक गोष्ट वाचून मी कप खाली ठेवला. एचडीएमआयने बाहेरचं यंत्र जोडून टीव्हीचा नुसता पडदा म्हणून वापर केला तरी हे ठसे जात राहतात. म्हणजे माझं जेलीफिन कितीही घरचं असलं तरी एचडीएमआयच्या वायरीतून बाहेर पडल्यावर ते घरचं उरत नाही! आम्ही व्हीएचएसवरून उतरवलेलं आमचं लग्न बघत असताना टीव्ही त्याचेही ठसे घेत बसला असेल. जुळायला साठ्यात काही नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

त्याच संशोधनातली चांगली बातमी म्हणजे सेटिंगमधून नकार दिला की हे ठसे जाणं थांबतं. आमच्या टीव्हीत तो नकार पाचव्या पातळीवरच्या मेनूत, 'पाहण्याची माहिती सेवा' अशा सोज्वळ नावाखाली सापडला. बंद केला. एसीआरवालं नाव लॉगमधून त्याच दिवशी गेलं, बाकीची पाय-होल अडवतोय.

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या वेळी व्हिडिओ लायब्ररीवाल्याच्या वहीत सगळं लिहिलेलंच असायचं की." खरंय. १९८७ साली अमेरिकेत रॉबर्ट बोर्क या न्यायाधीशांची अशीच व्हिडिओ दुकानातली यादी एका साप्ताहिकाने छापली, तेव्हा पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने व्हिडिओच्या नोंदी उघड करण्याविरुद्ध कायदा केला. मी बाबांना एवढंच म्हटलं, की तो वहीवाला रात्री अडीच वाजता आपल्या घरात येऊन बसत नव्हता.

१७ जून

"अगं, माझी मालिका लागत नाहीये. तुझ्या त्या पायाला सांग काहीतरी."

उत्साहाच्या भरात पाय-होलवर अडवायच्या नावांच्या तीन मोठ्या याद्या एकदम चढवल्या होत्या. ओटीटी ॲप सुरू होताना ज्या नावाला हाक मारतं ते त्यातल्या एका यादीत होतं, त्यामुळे पडदा गोल गोल फिरत बसला. एक नाव मोकळं केलं, मालिका लागली. तेव्हापासून पाय-होलच्या मूळ यादीवर समाधान मानलंय. शेजारच्यांच्या सल्ल्याने दहा-दहा लाख नावं चढवणाऱ्यांनी घरात सासूबाई आहेत का ते आधी बघावं. आणि हो, यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच ठिकाणाहून येतात. नाव अडवलं तर दोन्ही जातील.

२६ जून

या नोंदीसाठी चार रात्री गेल्या, म्हणून ती लांब आहे.

टीव्हीच्या क्वेरी एकाएकी निम्म्यावर आल्या. मी खूश. मग लक्षात आलं की लेकीचा फोनही तसाच शांत झालाय, आणि तो शांत होणं शक्यच नाही. दोन्ही यंत्रं पायला डावलून दुसऱ्याच कुणाला तरी विचारत होती.

फोनच्या वायफाय माहितीत डीएनएसचे दोन पत्ते दिसले. एक पायचा, आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत). दुसरा लांबलचक, आयपीव्ही६ (नवी पद्धत), केबलवाल्याच्या राउटरचा. मी डीएचसीपी बंद केलं होतं ते आयपीव्ही४पुरतं. आयपीव्ही६मध्ये राउटर आपण होऊन दवंडी पिटतो की मी इथे आहे, आणि त्या दवंडीत डीएनएसचा पत्ताही घालतो. अँड्रॉइड ती दवंडी ऐकतं. पुढचा दरवाजा मी बंद केला होता, परसदार सताड उघडं. भारत आयपीव्ही६च्या वापरात जगात आघाडीवर आहे. फोनवरून फुकट मिळणारा हा मोठेपणा घरच्या फळीत असा भोक पाडतो. व्हीपीएन वापरणाऱ्यांनाही हेच लागू. बोगदा फक्त आयपीव्ही४चा असेल तर आयपीव्ही६ची रहदारी उघड्यावरून जाते आणि वरचं कुलूपाचं चिन्ह मात्र हिरवं राहतं.

आयपीव्ही६ पूर्ण बंद करणं हा सोपा उपाय. मला तो पटेना, कारण पुढे त्याचाच उपयोग होणार होता. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचे सगळे रकाने मोकळे ठेवणारी प्रणाली) चालणारा एक वापरलेला राउटर घेतला आणि केबलवाल्या दादांना फोन करून त्यांचं यंत्र ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसतं पुढे पोचवण्यापुरतं, टाकून घेतलं. दादा आधी म्हणाले, "ताई, असं कुणी मागत नाही." मग दहा मिनिटांत करून दिलं, जोडणीचा (पीपीपीओईचा) पासवर्डही दिला. आता पत्ते वाटणं आणि दवंडी, दोन्ही माझ्या राउटरकडे. दोन्हींत डीएनएस म्हणून पायचाच पत्ता.

तरीही क्रोमकास्ट (फोनवरचं टीव्हीवर दाखवणारं गूगलचं यंत्र) बधेना. त्याच्या पोटात गूगलच्या डीएनएसचा पत्ता ८.८.८.८ पक्का लिहिलेला असतो. तुम्ही काय सांगता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. राउटरवर नियम लिहिला की डीएनएसच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर (दारावर) बाहेर जाणारी प्रत्येक क्वेरी वळवून पायकडे न्यायची, स्वतः पायची सोडून. (ही सूट विसरलात तर पायच पायला विचारत बसतो. मी विसरले.) नियम लागला आणि क्रोमकास्ट पूर्ण बंद पडलं. कारण पाय त्याच जाळ्यात असल्याने थेट क्रोमकास्टला उत्तर देत होता. क्रोमकास्टने प्रश्न विचारला ८.८.८.८ला, उत्तर आलं भलत्याकडून. ते त्याने फेकून दिलं. मग या वळवलेल्या क्वेरींवर मास्करेड लावलं, म्हणजे उत्तर राउटरमार्फत फिरून जातं. चाललं. किंमत एवढीच, की पाय-होलच्या लॉगमध्ये या सगळ्या क्वेरी आता राउटरच्या नावावर दिसतात. कोण काय विचारतंय ते कळत नाही. पायला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (घरच्या जाळ्याच्या वेगळ्या कप्प्यात) हलवलं की हे सुटेल.

एन्क्रिप्टेड डीएनएस ४४३ पोर्टवरून, म्हणजे नेहमीच्या वेबसाइटच्याच दारातून, गेलं तर हा नियमही हात टेकतो. तिथे नावांवरून जेवढं अडवता येईल तेवढं.

पायने पुढे कुणाला विचारायचं, यावर आमच्यासारख्या हौशी लोकांत दोन गट आहेत. एक, अनबाउंड हा प्रोग्राम बसवून स्वतःच डीएनएसच्या मूळ सर्व्हरपर्यंत जायचं, म्हणजे कुणा एकाकडे सगळी यादी जात नाही. पण क्वेरी उघड्या जातात, आयएसपीला (इंटरनेट पुरवणाऱ्याला) वाचता येतात. दोन, क्वाड९सारख्या डीएनएस सेवेकडे टीएलएसमधून (कुलूपबंद) पाठवल्या तर आयएसपीला दिसत नाहीत, क्वाड९ला दिसतात. मी दुसरा मार्ग घेतला. दोन्हींत ब्राउझर साइटशी जोडताना तिचं नाव सहसा उघडंच सांगतो, त्यामुळे आयएसपी अगदी आंधळा होईल या भ्रमात राहू नका.

८ जुलै

आता तो सज्जन, टॉरेंट क्लायंट. टॉरेंटवरून मी लिनक्स बसवायच्या फाइली आणि इंटरनेट आर्काइव्हवरचे जुने चित्रपट उतरवते. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे फाळक्यांचे मूकपट कधीच मोकळे झालेत. चोरीच्या मालाबद्दल मी इथे काही सांगणार नाही, पण एक गैरसमज दूर करते. २०१६ साली अडवलेल्या साइटवर 'बघितलंत तर ३ वर्षं तुरुंग' अशा अर्थाची पाटी झळकली होती. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही. विनापरवाना वाटप, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणं हा आहे. हे ऐकून टॉरेंटवाले निर्धास्त होतात. पण टॉरेंट उतरवता उतरवता तुकडे दुसऱ्यांना देतही असतं. वाटप तिथेच होतं.

शिवाय त्या थव्यातल्या प्रत्येकाला तुमचा आयपी दिसतो. म्हणून क्यूबिटटोरेंट व्हीपीएनला बांधून ठेवलाय: प्रगत सेटिंगमध्ये नेटवर्क इंटरफेस म्हणून फक्त वायरगार्डचा (व्हीपीएनच्या बोगद्याचा) निवडायचा. बोगदा पडला की डाउनलोड जागच्या जागी थांबतं. मुद्दाम बोगदा तोडून बघितलं, वेग शून्य. व्हीपीएन ॲपमधल्या 'किल स्विच'पेक्षा माझा यावर भरवसा जास्त.

काही जण म्हणतात पैसे कशाला, मुंबईतला व्हीपीएस (दूरचा आभासी सर्व्हर) भाड्याने घेऊन स्वतःचं व्हीपीएन करा. घराबाहेरून घरात यायला ते छान. लपायला निरुपयोगी, कारण त्या आयपीवर तुम्ही एकटेच असता. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत व्हीपीएनबरोबर व्हीपीएसवालेही आले. ग्राहकाचं खरं नाव, पत्ता, दिलेले आयपी हे सगळं पाच वर्षं जपायचं. त्याच निर्देशांमुळे एक्सप्रेसव्हीपीएन आणि सर्फशार्कने भारतातले सर्व्हर काढून घेतले.

ओटीटीला मात्र या बोगद्याबाहेर ठेवलंय. खातं आपलं, पैसे आपण भरलेले. काय बघतो ते त्यांना माहीतच आहे. बोगद्यातून गेलं तर ॲप रुसतं आणि सासूबाई माझ्यावर.

१५ जुलै

जेलीफिन का, तर कुणा तिसऱ्याच्या सर्व्हरवर खातं उघडावं लागत नाही. २०१८ साली एम्बी या अशाच प्रोग्रामने आपला कोड बंदिस्त केल्यावर त्यातून फुटून निघालेला हा प्रकल्प. तरी त्यालाही एक सवय आहे: फाइल टाकली की पोस्टर आणि माहितीसाठी तिचं नाव बाहेरच्या कोशाला विचारतो. चित्रपटांसाठी ठीक. पण आमच्या 'मुंज १९९४' या फाइलला त्याने कुठल्याशा तुर्की चित्रपटाचं पोस्टर लावलं तेव्हा कळलं की घरच्या फितींची नावंही बाहेर जातायत. घरच्या व्हिडिओंची वेगळी लायब्ररी केली आणि तिथली माहिती उतरवणारी सगळी साधनं बंद केली.

बाहेरून बघण्यासाठी पोर्ट उघडायचा प्रश्नच आला नाही. राउटरला मिळालेला पत्ता १००.७०च्या घरातला, म्हणजे सीजीनॅट. शेकडो घरांमागे एकच खरा आयपी. बाहेरून आत यायला वाट नाही. इथे जपून ठेवलेलं आयपीव्ही६ कामी आलं. फोन वायरगार्डने थेट आयपीव्ही६वरून घरी येतो, जेलीफिनचं ८०९६ पोर्ट बाहेर कुणाला दिसत नाही. ज्या वायफायवर आयपीव्ही६ नाही तिथून मात्र जमत नाही. नणंदेच्या घरी पुण्याला तेच झालं, शेवटी मोबाइल डेटावर बघितलं.

काल टीव्हीने स्वतःला अपडेट केलं. सवयीने पाचव्या पातळीपर्यंत जाऊन पाहिलं, ती सोज्वळ सेवा पुन्हा चालू. बंद केली. मेनूची वाट चिकटपट्टीवर लिहून रिमोटच्या मागे लावलीय, मी घरी नसले तर बाबा बघतील.

उरलेलं: पायचं व्हीलॅन, आणि अकरा कॅसेटी. मुंजीची दुसरी फीत बुरशीमुळे चालत नाहीये. व्हीसीआरचं हेड नीट साफ करून देणारं नाशिकमध्ये कुणी उरलंय का, शोधतेय.