पाच ट्रे खिचडी

डीहायड्रेटर, म्हणजे गरम हवेने अन्न वाळवायचं विजेचं मशीन, घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, त्यात वाळवणार काय? उत्तर कढीपत्ता, आमचूर, मिरच्या, बटाट्याचा कीस असं आलं तर सरळ सांगते, नका घेऊ. पुण्यात मार्च ते मे ऊन फुकट मिळतं आणि ते या कामात कुणालाही हार जाणार नाही. गच्ची नसेल तर बाल्कनीतल्या कपड्यांच्या स्टँडवर जुनं धोतर अंथरा. चार-पाच हजारांचं मशीन ओट्यावर जागा अडवून बसवायचं आणि त्यात कढीपत्ता वाळवायचा, हे मला काही पटत नाही.

माझ्याकडे ते आहे एकाच कामासाठी. शिजवलेलं जेवण वाळवायला. मुगाची खिचडी, मटकीची उसळ, टोमॅटोचं सार, दुधीची भाजी. घरी शिजवायचं, वाळवायचं, पिशव्या भरायच्या आणि हिमालयात तंबूसमोर बसून गरम पाण्यात भिजवून खायचं.

"अगं, शिजवलेलं दुसऱ्या दिवशी खाल्लं तरी त्याला शिळं म्हणतात," सासूबाई म्हणाल्या. "तू महिन्याने खाणार?"

"आई, कुरडईचा चीकसुद्धा शिजवलेलाच असतो की."

"ती तळतात."

यावर मला पटकन काही बोलता आलं नाही, कारण त्यांचा मुद्दा बरोबर होता. आपलं बहुतेक वाळवण तळण्यासाठी असतं. कुरडई, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या, उरलेल्या भाताच्या पापड्या, सगळ्यांचा शेवट कढईत. त्यात मीठ असतं, पापडखार असतो, थर पातळ असतो आणि वर एप्रिलचं कोरडं ऊन. म्हणून ते टिकतं. मला जे हवंय ते तळायचं नाहीये, पुन्हा पहिल्यासारखं भिजवायचंय. आणि आमचे ट्रेक असतात जून ते सप्टेंबर, म्हणजे तयारी नेमकी पावसाच्या तोंडावर. जूनच्या ढगाळ हवेत गच्चीवर खिचडी पसरली तर ती वाळायच्या आधी आंबेल. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या टप्प्यात शिजलेल्या अन्नावर जंतू झपाट्याने वाढतात, आणि ढगाळ दिवशी गच्ची त्याच टप्प्यात असते. मशीनचा उपयोग इथे आहे. ६० अंशांची हवा आणि सतत फिरणारा पंखा, रात्रभर, पाऊस असो नसो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पाणी ज्या तापमानाला उकळतं त्यासाठी. उंची साधारण ३०० मीटर वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने खाली येतो. पुण्यातच ते ९८ च्या आसपास उकळतं. मनालीजवळच्या हमटा पास या खिंडीच्या वाटेवर बालू का घेरा नावाच्या मुक्कामाला, म्हणजे ३,६०० मीटरच्या आसपास, ते ८८ अंशांना उकळायला लागतं. भांड्यात बुडबुडे दिसतात, वाफ दिसते, पण तुरीची डाळ तासाभराने विचारते की सुरुवात कधी करताय. गॅस जातो तो वेगळाच. कुकर नेला तर प्रश्न सुटतो, पण आम्ही सहा जण खेचरं न घेता जातो, त्यामुळे जे काही नेऊ ते आपल्याच पाठीवर. गॅसचे छोटे डबे विमानात चालत नाहीत, ते मनालीत उतरून घ्यावे लागतात. एका डब्यात २३० ग्रॅम गॅस. त्यावर डाळ शिजवायची की चहा करायचा, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी येतो, आणि आमच्या ग्रुपमध्ये चहाच जिंकतो.

आधीच शिजलेलं अन्न असेल तर ८८ अंश भरपूर झाले. फक्त भिजायचंय.

इथे एक गोष्ट सांगते, कारण बरेच जण "वजन किती कमी होतं!" म्हणून हुरळून जातात. खिचडीत वजन वाचत नाही. १५० ग्रॅम तांदूळ आणि ७५ ग्रॅम मुगडाळ शिजवून वाळवली की पुन्हा जवळजवळ तेवढीच भरते. जेवढं पाणी आत गेलं तेवढंच बाहेर आलं. वाचतो तो गॅस आणि वेळ. वजन वाचतं भाज्यांमध्ये. टोमॅटोत ९४ टक्के पाणी, किलोभर टोमॅटोचे हातात येतात साठ-सत्तर ग्रॅम. दुधीचीही तीच गत. तेव्हा पाठीवरचा भार हलका करायचा असेल तर भाजीकडे बघा, भाताकडे नको.

आता खिचडी. तांदूळ-डाळ धुऊन चौपट पाणी घालून कुकरमध्ये मऊ करायची. हळद, हिंग, जिऱ्याची पूड, मीठ. किसलेलं गाजर आणि मूठभर फ्रोजन मटार. मटार मुद्दाम फ्रोजनच घेते. कारखान्यात ते आधीच उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, त्यामुळे रंग आणि चव बिघडवणारी विकरं (एन्झाइम्स) थंडावलेली असतात. शिवाय गोठताना आत बर्फाचे कण होऊन पेशी फुटतात, म्हणून पाणी लवकर निघतं आणि भिजवल्यावर लवकर आतही शिरतं. ताजा मटार वाळवलात तर छर्रे होतात.

फोडणी घालायची नाही. तेल उडून जात नाही, ते तसंच राहतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत खवट होतं. खोबरं नको, दाण्याचं कूट नको. तूप वेगळ्या बाटलीत न्यायचं आणि वर ताटलीत सोडायचं. थंडीत ते दगडासारखं होतं, म्हणून बाटली रुंद तोंडाची हवी.

माझं मशीन गोल, एकावर एक पाच ट्रे आणि पंखा तळाला. मधे भोक असतं, त्यातून हवा वर जाते. ट्रेच्या मापाचा बटर पेपर कापायचा आणि मधलं भोक कात्रीने मोकळं ठेवायचं, नाहीतर वरच्या ट्रेला हवाच मिळत नाही. खिचडी गरम असतानाच पसरायची, करंगळीच्या अर्ध्या जाडीइतकी, आणि काट्याने रेघा ओढायच्या. गरम का, तर ओलं अन्न सुरुवातीला आजूबाजूच्या हवेपेक्षा थंडच राहतं, माठातल्या पाण्यासारखं. त्यातून वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. गार खिचडी टाकली तर ती त्या नकोशा टप्प्यात उगाच जास्त वेळ रेंगाळते.

तीन-चार तासांनी वर पापुद्रा धरतो. तेव्हा ट्रेवर दुसरा ट्रे पालथा घालून सगळं उलटं करायचं आणि कागद सोलून काढायचा. तो खसकन निघाला तर वेळ बरोबर साधली, शितं चिकटून आली तर अजून अर्धा तास. मग हाताने गठ्ठे मोडायचे आणि खालचे ट्रे वर, वरचे खाली. पंखा तळाला असलेल्या मशीनमध्ये खालचा ट्रे आधी वाळतो, ही अदलाबदल केल्याशिवाय गत्यंतर नाही. मागच्या भिंतीला पंखा असलेली चौकोनी मशीनं येतात, त्यात हे करावं लागत नाही. पैसे असतील तर तीच घ्या.

लवकर व्हावं म्हणून काटा ७० वर नेऊ नये. बाहेरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी आतच अडकतं. हाताला कोरडं लागतं, पिशवीत बुरशी येते. आठ-नऊ तासांनी ट्रे हलवला की खिचडी खुळखुळते. एक शित घेऊन गार होऊ द्यायचं आणि मग दाताखाली धरायचं, कट् आवाज आला पाहिजे. गरम असताना सगळंच मऊ लागतं, त्यावर जाऊ नका.

नंतरचं काम कंटाळवाणं आहे पण टाळू नये. सगळं काचेच्या बरणीत अर्धं-पाऊण भरायचं आणि आठवडाभर रोज हलवायचं. एखादा दाणा ओला राहिला असेल तर त्याचा ओलावा बाकीच्यांत वाटला जातो. काचेवर आतून दव दिसलं तर सगळं परत ट्रेमध्ये. जूनमध्ये बरणी उघडी ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत खिचडीने पाणी ओढायला सुरुवात केलेली असते.

मटकीच्या उसळीचं तंत्र तेच, फक्त मोड आखूड हवेत, लांब मोड वाळून केसासारखे गळतात. मटकी लहान असल्याने छान परत भिजते. राजमा-छोले मात्र अख्खे वाळवू नका. साल कडक, गाभा ओला. शिजल्यावर चमच्याच्या पाठीने एकेक चेचले तर जमतं, पण तेवढा उत्साह मला नाही. गोडा मसाला उसळीत न घालता पुडीत वेगळा नेते, कारण त्यातही तेल आणि खोबरं आहेच.

साराचे टोमॅटो उकडून, मिक्सरमधून काढून, गाळून, आटवून पसरते. आंबापोळीसारखी लाल पोळी निघते, ती तुकडे करून पाण्यात टाकली की विरघळते. मैत्रीण म्हणाली, आमसुलं ने की, कशाला एवढा व्याप? बरोबर आहे तिचं. कोकणातल्या बायकांनी रातांब्याच्या साली त्याच्याच मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवून हा प्रश्न कधीच सोडवलाय. मी आमसुलंही नेते. पण दोन दिवस चालून आल्यावर टोमॅटोच्या साराचा वास आला की माणसं भांडी घासायलाही तयार होतात.

दही, दूध, पनीर, अंडं यांच्या वाटेला मी जात नाही. घरगुती मशीनमध्ये ते सुरक्षित राहील याची खात्री देता येत नाही. दुकानात मिळणारी महागडी फ्रीझ-ड्राइड पाकिटं हा वेगळा प्रकार. त्यात अन्न आधी गोठवतात आणि निर्वात जागेत बर्फाची थेट वाफ करतात, त्यामुळे आकार तसाच राहतो, आत बारीक पोकळ्या उरतात आणि पाणी घातलं की काही मिनिटांत तयार. ओट्यावरच्या पंखा-हिटरला ते जमणार नाही. सैनिकांच्या जेवणावर काम करायला म्हैसूरला १९६१ साली एक अख्खी डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरी उभी राहिली, ती उगाच नाही.

आणि पिठल्यासाठी मशीन लावणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका. भाजलेल्या कुळथाच्या पिठात तिखट-मीठ-लसणीची पूड घालून न्या, पाच मिनिटांत पिठलं होतं. मेतकूट, पोहे, लाह्या, सातूचं पीठ हे सगळं आधीच कुणीतरी भाजून, कांडून, शिजवून ठेवलेलं आहे. तिथे मशीन काय करणार?

विजेचं म्हणाल तर मशीन ४०० वॉटचं, दहा तास चाललं तर जास्तीत जास्त चार युनिट. प्रत्यक्षात कमी, कारण हिटर मधेमधे बंद होतो. आवाज टेबलफॅनइतका. खरा त्रास वासाचा. खिचडीचा वास सुखाचा असतो. कांदा वाळवायचा तर रात्री दारं बंद करून बाल्कनीत, आणि सकाळी शेजारी काही बोलले तर हसून वेळ मारून न्यायची.

वर गेल्यावर करायचं एवढंच. एक वाटी खिचडीला दोन वाट्या पाणी. मुक्कामाला पोचायच्या तासभर आधी बाटलीत गार पाण्यातच भिजत घातली तर गॅस आणखी वाचतो. एक उकळी आणायची, झाकण लावायचं, भांडं कुणाच्या तरी जॅकेटमध्ये गुंडाळायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. ही वीस मिनिटं पाळायला ग्रुपमध्ये एक खमका माणूस लागतो. आमच्यात ते काम माझ्याकडे आहे.

पोळीचं मात्र अजून काही जमलेलं नाही. खाकरे नेतो, त्यांचा तिसऱ्या दिवशी चुरा होतो आणि तो सारात जातो. एकाचं म्हणणं, यंदा थालीपिठाची भाजणी नेऊ. तवा कोण उचलणार, एवढं मात्र तो अजून सांगत नाहीये.