तळपायाला ब्रेक कळतो का?

मंगळवार

लायसन्सची मुदत दिवाळीच्या आसपास संपते आहे. पंचावन्नी उलटली की पुढचं लायसन्स फक्त ५ वर्षांचं मिळतं, आणि चाळिशीनंतर सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो, फॉर्म १-अ. त्याच्या जोडीला फॉर्म १ असतो. तो आपण स्वतः भरायचा आणि खाली सही करायची. आज जेवणानंतर तो फॉर्म नीट वाचला. फेफरं येतं का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का? चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का?

विशी-पंचविशीत या प्रश्नांवर टिकमार्क करत गेलो असेन, आता आठवतही नाही. आज पहिल्याच प्रश्नापाशी अडलो. ‘कोणत्याही कारणाने’ या दोन शब्दांत माझी साखर येते.

उन्हाळ्यात एका दुपारी अंगणात कढीपत्त्याला आळं करत होतो. दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि खुरपं हातात असून ते कशासाठी घेतलंय तेच सुचेना. हिने आधी साखरपाणी पाजलं, मग ग्लुकोमीटर काढला. आकडा ५८. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी म्हणायची. डॉक्टरांनी कारण लगेच सांगितलं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड चालू होतं आणि त्या दिवशी जेवायला उशीर झाला. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं. त्यांनी ते बंद करून ग्लिप्टिन गटातली गोळी दिली. तेव्हापासून तसं परत झालेलं नाही.

घाम आणि थरथर यांची मला तेवढी भीती नाही. त्यांच्यामुळे कळतं तरी. भीती आहे ती मधल्या त्या मिनिटाची, ज्यात खुरपं कशासाठी ते सुचत नव्हतं. त्या मिनिटाला मी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात असतो तर?

शुक्रवार

गाडीबद्दल लिहायला हवं, नाहीतर हा सगळा त्रागा कशासाठी ते पुढे मलाच कळणार नाही.

माझी बुलेट स्टँडर्ड, ३५०. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. पॉइंटची इग्निशन, किकशिवाय दुसरा इलाज नाही. सकाळी पेट्रोल कॉक उघडायचा, सिलिंडरमधला दाब सोडणारी डिकंप्रेशन लिव्हर दाबून पिस्टन हळूच पुढे न्यायचा, ॲमीटरचा काटा मधोमध आला की लिव्हर सोडायची आणि एक सरळ, पूर्ण किक. घाई केली की ती उलटी मारते आणि पोटरी सुजते. मी तिच्यावर कधी वेगाने गेलो नाही, तिला ते आवडतही नाही. चौथ्या गिअरला ५०-५५च्या आसपास ती एका लयीत येते, आणि त्या लयीत सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं एवढंच माझं सुख. सप्टेंबरात पहाटे ठोसेघरच्या रस्त्याला धुकं असतं, ओल्या गवताचा वास असतो. हे गाडीच्या काचेआडून मिळत नाही, आणि ते मला सोडायचं नाही. हे आधी स्वच्छ लिहून ठेवतो. डॉक्टरांनी सांगितलं, मुलीने सांगितलं, म्हणून किल्ली खुंटीला टांगणं सोपं होतं. पण तसं केलं असतं तर मी नेमका कुठे कमी पडतोय हे तपासलंच गेलं नसतं.

साखरेचं गणित त्यामानाने सरळ आहे. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांसाठी नियम आहेत. मी इन्सुलिन घेत नाही, पण ते मला पटतात म्हणून उचलले. निघण्याआधी दोन तासांच्या आत साखर मोजायची, लांबचा रस्ता असेल तर दर दोन तासांनी परत. त्यांच्या मापात ५ च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं. आपल्या मापात ते ९० होतं. साखर उतरलीच तर ती जागेवर आल्यानंतरही ४५ मिनिटं गाडी हातात घ्यायची नाही. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आकडा नीट दिसला तरी डोकं लगेच ताळ्यावर येत नाही, हे मी अंगणात अनुभवलंय. तेव्हापासून ग्लुकोजची पुडी जॅकेटच्या खिशात असते, डिकीत नाही. हात थरथरत असताना डिकीचं कुलूप कोण उघडणार?

खरी अडचण पायांची आहे.

गेल्या तपासणीला डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि तळपायाला नायलॉनचा एक जाड दोरा टेकवत गेले. दोरा वाकेपर्यंत दाबायचा, म्हणजे बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. “लागलं की हो म्हणा.” मी हो म्हणत होतो, मग थांबलो, पुढच्या दोऱ्याची वाट बघत बसलो. डोळे उघडले तर दोरा अंगठ्याच्या मुळाशी टेकलेला, वाकलेला. मला त्याचा पत्ताच नव्हता. दोन्ही पायांना तेच. नंतर आठवलं, गेलं वर्षभर अनवाणी चालतानाही मोजे घातल्यासारखं वाटत होतं. मी ते वयावर ढकललं होतं, पण ते साखरेमुळे होतं.

फॉर्ममध्ये हात-पाय शाबूत आहेत का असं विचारतात. तळपायाला पेडल कळतं का, असं कोणी विचारत नाही. दाखला देणाऱ्यानेही मोजे काढायला लावले नाहीत तर त्यात काही बेकायदा नाही. ते विचारायचं काम माझ्याच गळ्यात आहे.

रविवार, संध्याकाळ

सकाळी साखर १२४. पोहे खाऊन मिस्त्रीला बरोबर घेतलं आणि एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. रविवारी तिथे ट्रक नसतात. मिस्त्रीने खडूने रेघ मारली. ३० च्या वेगाने यायचं आणि रेघेवर नुसता मागचा ब्रेक लावायचा, तो बाजूला उभा राहून चाक बघणार.

दोन गोष्टी कळल्या. ब्रेक किती दाबतोय हे मला तळपायाने कळत नाही, पण गुडघ्याने आणि मांडीने कळतं. चाक एकदाच अडकून घसपटलं, नंतर दाब बेताचा येत गेला. मिस्त्री म्हणाला, “काका, ब्रेक ठीकाय. पण तुम्ही खाली बघताय.” खरं होतं ते. पाय पेडलवर नीट पडलाय का हे मी डोळ्यांनी तपासत होतो, आणि तेवढा वेळ रस्ता सुटत होता. रिकाम्या रस्त्यावर चालून जाईल. पोवई नाक्यावर संध्याकाळी सहाला नाही चालणार.

दुसरी गोष्ट थांबण्याची. गाडी १६० किलोच्या पुढे. उतारावर थांबलो आणि पाय खडीवर टेकला, तर खाली खडी आहे की डांबर, हे टाच घसरल्यावर कळलं. मिस्त्रीने मागून कॅरिअर धरलं म्हणून गाडी तोलली गेली.

बुटांचाही पेच आहे. पेडल जाणवायला पातळ, कडक तळव्याचा बूट बरा, पण पायांच्या दृष्टीने डॉक्टरांनी एमसीआरचं, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचं, पादत्राण सांगितलंय. सायलेन्सरला पाय टेकला तर भाजल्याचं कळणारही नाही, हेही त्यांनी बजावलं. आता घोटा झाकणारा, आतून मऊ तळ बसवलेला चामड्याचा बूट शिवून घेणार आहे, आणि घरी आल्यावर रोज आरसा धरून तळवे बघायचे.

दुपारी हिच्याशी बोललो. ती मला गाडी विक म्हणाली नाही. ती म्हणाली, “अहो, तुमचं काय ते तुम्ही बघाल. पण मागे मी बसते ती तुमच्या भरवशावर, आणि रस्त्यात येणारं पोर तर भरवसासुद्धा ठेवत नाही. त्याला तुम्ही कोण ते माहीतच नसतं.” तिच्या या बोलण्यापुढे मी काही बोललो नाही, आणि सगळं ठरलं ते त्यावरच.

बुलेटवर यापुढे मागे कोणी नाही. गावातल्या कामांना, बाजाराला, हिला घेऊन जायला स्कूटर. तिचे दोन्ही ब्रेक हाताशी आहेत आणि माझे हात चांगले आहेत. वजनही बुलेटपेक्षा पन्नासेक किलोने कमी. बुलेट सकाळी उजाडल्यावर, रहदारी सुरू व्हायच्या आत, सपाट आणि ओळखीच्या रस्त्यावर. फुलांच्या दिवसांत कासचा रस्ता नाही, घाटात गाड्यांच्या रांगेत चढावर थांबत-थांबत जावं लागतं आणि तेच मला जमत नाही. पाऊस असेल तर नाही, रात्री तर नाहीच. दर तीन महिन्यांनी मिस्त्रीसमोर खडूची रेघ. ज्या दिवशी गुडघ्यालाही कळेनासं होईल, त्या दिवशी पुतण्याला चावी द्यायची. त्याला डिकंप्रेशन लिव्हरचं तंत्र शिकवायला लागलोय. तो घाई करतो.

धुक्यातलं ठोसेघर गेलं. चढ-उताराचा रस्ता, ओला, आणि निघायचं अंधारात. ते लिहिताना फार वाईट वाटतंय. बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो.

बुधवारी डोळ्यांची तपासणी आहे, मागचा पडदा बघायचाय. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, मग काही तास उजेड सोसत नाही आणि जवळचं धूसर दिसतं. म्हणून जाता-येता रिक्षा. पडद्याचा रिपोर्ट बरा आला तर फॉर्म १ घेऊन डॉक्टरांकडे जाईन आणि पहिल्या प्रश्नाखाली काय लिहायचं ते अंगणातली ती दुपार सांगून त्यांनाच विचारेन. दोऱ्याचंही त्यांना फॉर्म १-अ वर लिहायला सांगणार आहे.