पेशीतल्या जिवाणूंचा लगाम कुणाच्या हातात?

किड्यांच्या पेशीत राहणाऱ्या जिवाणूंबद्दल वाचताना ‘प्रतिकारशक्ती त्यांना का मारत नाही’ हा प्रश्न हमखास येतो. मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: जिवाणू जिवंत ठेवून, त्यांच्याकडून काम करवून घेत, त्यांची संख्या आटोक्यात कशी राहते? उत्तर प्रत्येक किड्यात वेगळं आहे. मावा आणि सोंडकिडा या दोघांची सर्वाधिक माहिती आहे, म्हणून तेवढ्यावरच बोलतो.

मावा फ्लोएममधला, म्हणजे झाडाच्या अन्नवाहिन्यांमधला, रस पितो. त्यात साखर भरपूर, पण अत्यावश्यक अमिनो आम्लं फारच कमी. ती बुखनेरा हा जिवाणू बनवतो. बुखनेरा माव्याच्या पोटातल्या बॅक्टेरिओसाइट या जिवाणूंना सांभाळणाऱ्या मोठ्या पेशींत राहतो आणि प्रत्येक जिवाणूभोवती यजमान पेशीचंच एक पटल असतं. त्यामुळे बाहेरून येणारा प्रत्येक रेणू आधी पेशीचं पटल आणि मग हे आतलं पटल ओलांडून जातो. नियंत्रणाची खरी जागा इथे आहे.

वाटाण्यावरच्या माव्यात जीएलएनटी 1 नावाचं वाहक प्रथिन ग्लुटामिन बॅक्टेरिओसाइटमध्ये आणतं. पेशीत त्याचं ग्लुटामेट होतं आणि अमिनो आम्लं बनवायला लागणारा नायट्रोजन त्यातून मिळतो. गंमत अशी, की याच वाहकाला आर्जिनिन हे अमिनो आम्ल अडवतं. आर्जिनिन मावा स्वतः बनवू शकत नाही, ते बुखनेराकडून येतं. म्हणजे रक्तद्रवात आर्जिनिन साचलं की ग्लुटामिनची आवक घटते आणि पुढचं उत्पादन मंदावतं. मालाचा साठा वाढला की कच्चा माल आपोआप बंद! त्यासाठी कुठलं जनुक चालू-बंद करायची गरज नाही.

शेवटची पायरीही यजमानाने स्वतःकडे ठेवली आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांचे कार्बन सांगाडे बुखनेरा तयार करतो, पण त्यांवर अमिनो गट बसवणारं विकर त्याच्याकडे नाही. ते काम माव्याचं विकर करतं. 2000 साली बुखनेराचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला गेला तेव्हा तो जेमतेम 6.4 लाख बेस जोड्यांचा निघाला. जनुकं नियंत्रित करणारी बरीचशी यंत्रणा त्यात उरलेली नाही. असा जिवाणू स्वतःहून परिस्थितीला फारसा प्रतिसाद देऊ शकत नाही, आणि म्हणूनच अन्नपुरवठ्यावरचा ताबा इतका परिणामकारक ठरतो.

सोंडकिड्यातला सोडॅलिस पिएरांतोनियस हा जिवाणू तुलनेने नवा भाडेकरू आहे. त्याचा जीनोम अजून मोठा आहे, त्यामुळे नुसत्या अन्नपुरवठ्यावर त्याला आवरणं कठीण. इथे पेशी कोलिऑप्टेरिसिन ए हे जिवाणूरोधी पेप्टाइड (छोटं प्रथिन) वापरते, पण मारण्यासाठी नव्हे. हे पेप्टाइड जिवाणूच्या ग्रोईएल या, इतर प्रथिनांना घडी घालायला मदत करणाऱ्या, प्रथिनाला चिकटतं आणि पेशीविभाजन अडतं. जिवाणू वाढतो पण दुभंगत नाही, म्हणून बॅक्टेरिओसाइटमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली लांबच लांब दोऱ्यांसारखे जिवाणू दिसतात. आरएनएआयने (दुहेरी आरएनए देऊन जनुक गप्प करण्याच्या तंत्राने) हे पेप्टाइड बंद केलं, की जिवाणू बॅक्टेरिओसाइटबाहेर पडून इतर ऊतींत पसरतात.

दुसरी अडचण जिवाणूच्या भिंतीची. तिचे तुकडे सतत सुटतात आणि ते शरीरभर गेले तर प्रतिकारयंत्रणा विनाकारण भडकते. पीजीआरपी-एलबी हे विकर ते तुकडे बॅक्टेरिओसाइटमध्येच कापून निकामी करतं. ते बंद पाडलं तर तुकडे रक्तद्रवात उतरतात आणि शत्रू घुसल्यासारखी प्रतिक्रिया सुरू होते. बरेच लेख हा भाग एका ओळीत उरकतात. माझ्या मते तो पेप्टाइडइतकाच महत्त्वाचा आहे.

सोंडकिडा प्रौढ झाला की हिशोब बदलतो. टणक कवच बनवायला टायरोसिन आणि फेनिलअॅलानिन ही अमिनो आम्लं लागतात, म्हणून कोवळ्या प्रौढात आतड्याजवळच्या जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते. कवच तयार झालं, की ऑटोफॅजी (पेशीने आतला माल स्वतःच पचवणं) आणि पेशीमृत्यू यांतून तीच वसाहत मोडली जाते आणि तिचं साहित्य किडा वापरून टाकतो. मादीच्या अंडाशयातले जिवाणू मात्र टिकतात, कारण पुढच्या पिढीला ते तिथूनच मिळतात.

मोजणी करणाऱ्यांसाठी थोडं. क्यूपीसीआर या डीएनए मोजण्याच्या तंत्रात जिवाणूच्या जनुकाचं यजमानाच्या जनुकाशी गुणोत्तर काढतात, पण त्याला थेट जिवाणूंची संख्या मानू नका. एका बुखनेरात जीनोमच्या शंभराहून अधिक प्रती असू शकतात, त्या वयानुसार बदलतात आणि बॅक्टेरिओसाइट स्वतःही बहुगुणित असते, म्हणजे तिच्यातही जीनोमच्या अनेक प्रती असतात. त्यामुळे सगळे नमुने एकाच वयाचे घ्या आणि जोडीला फिश करून, म्हणजे जिवाणूच्या 16 एस आरआरएनएला चिकटणारा चमकणारा प्रोब वापरून, जिवाणू कुठे आहेत आणि किती लांब आहेत ते पाहा. कोलिऑप्टेरिसिनच्या प्रयोगात संख्येपेक्षा लांबी आणि जागा जास्त सांगून जातात. माव्यावर आरएनएआय करणार असाल तर आधीच धरून चाला, की त्याच्या आतड्यातली आणि रक्तद्रवातली विकरं दुहेरी आरएनए पटकन तोडतात. म्हणून ‘परिणाम दिसला नाही’ म्हणण्याआधी लक्ष्य जनुकाचा एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश) खरोखर घटला का, हे बॅक्टेरिओसाइट वेगळ्या काढून तपासा. अख्ख्या किड्याचा आरएनए घेतला तर त्यांच्यातला बदल बाकी ऊतींत बुडून जातो.