थांका बघायचा तर रंगाआधी कापड बघा

धरमशालेच्या वरच्या मॅक्लिऑडगंजच्या बाजारात थांके, म्हणजे कापडावर रंगवलेली तिबेटी बौद्ध चित्रं, दुकानादुकानांतून टांगलेले असतात. मी मात्र आधी खाली सिद्धपूरला, नोर्बुलिंगका संस्थेत गेलो, आणि हाच क्रम योग्य वाटतो. 1988 साली उभी राहिलेली ही संस्था तिबेटी कारागिरी शिकवते. कार्यशाळा रविवारी बंद असतात आणि लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या सुट्टीतही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर आधी चौकशी करा.

चित्रकलेच्या दालनात सगळ्यात कंटाळवाणं दिसणारं काम सगळ्यात महत्त्वाचं असतं. सुती कापड चार बारीक काठ्यांना शिवतात आणि त्या काठ्या दोरीने मोठ्या लाकडी चौकटीत ओढून बांधतात. ताण कमी झाला की दोरी आवळायची. मग खडूची भुकटी आणि कातड्याचा सरस कोमट कालवून दोन्ही बाजूंना लावायचा, वाळवायचा, ओलसर करून गुळगुळीत दगडाने घोटायचा. पुन्हा लेप, पुन्हा घोटाई. सरस जास्त झाला तर थांका गुंडाळताना तडे जातात. कमी पडला तर रंग कापडात शोषला जातो, नाहीतर पुढे पोपडे सुटतात. आणि धरमशालेचा पाऊस! दमट हवेत सरस सैल पडतो, बुरशी धरतो.

त्यावर मापाच्या रेषा येतात. कालचक्र या तिबेटी बौद्ध परंपरेत बुद्धाची उंची 125 बोटं धरतात. इथे मनाला येईल तसं काढायची मुभा नाही. रंग खनिजांचे: निळा अझुराइटचा, हिरवा मॅलाकाइटचा, लाल हिंगुळाचा. अझुराइट भरड ठेवला तर गडद निळा मिळतो, फार बारीक वाटला तर फिका पडतो. आधी आकाश आणि डोंगर, मग जवळच्या आकृती. सोन्याचा रंग दगडी टोकाच्या लेखणीने घासून चकाकवतात. डोळे अगदी शेवटी.

आता वर बाजारात जा. भिंग जवळ ठेवा: रंगाखाली छपाईचे ठिपके दिसले तर ते छापील चित्रावर फिरवलेलं ब्रशकाम आहे. चित्र उलटं करून बघायला मागा. मागे, आकृतीच्या कपाळ, कंठ आणि हृदयाच्या जागी ‘ओम आः हूं’ लिहिलेलं बऱ्याचदा सापडतं. चित्रकाराची सही मात्र शोधू नका, परंपरेत ती सहसा नसते.

गंगचेन क्यिशोंगमधलं तिबेटी ग्रंथालय आणि अभिलेखागार 1970 साली स्थापन झालं. मॅक्लिऑडगंजहून उतरणीने चालत गाठता येतं. तिथल्या पोथ्या आपल्याकडच्यासारख्याच सुट्या, लांबट पानांच्या आणि कापडात बांधलेल्या. पोथी जमिनीवर ठेवायची नाही, ओलांडायची तर मुळीच नाही.

थांका घेतलात तर खालच्या दांड्यापासून वरच्या दिशेने, सैलसर गुंडाळा. घडी कधीच घालू नका. मुंबई-कोकणात बाहेरच्या भिंतीवर तो टांगू नका, ओल लेपात शिरते.